वीज भिऱ्याची, पंखा माटुंग्याचा. मोटर मात्र गावाकडची जळते
लाईट किती तास आली याची चर्चा होते, पण आलेल्या लाईटीत दम किती होता याची नोंद कोणीच ठेवत नाही

माणगाव, रोहा, पेण, कर्जत. तालुका कुठलाही घ्या, बाजारपेठेत मोटर रिवायंडिंगचं एखादं दुकान हमखास असतं. भाजीपाल्याचा आणि कलिंगडाचा हंगाम सुरू झाला की दुकानाच्या दारात मोटरींची रांग लागते. पाणबुडी मोटर, भातगिरणीची मोटर, पोल्ट्रीतला पंखा, सगळे एकाच रांगेत. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "लाईट होती हो, पण व्होल्टेजच नव्हतं."

आपल्याकडच्या विजेच्या दुखण्याचं मूळ या एका वाक्यात आहे. लाईट गेली तर मोर्चा निघतो, निवेदन दिलं जातं, बातमी होते. लाईट असते पण मिणमिणती असते, तेव्हा मात्र कोणी काही बोलत नाही. नुकसान गुपचूप होतं आणि ते ज्याचं त्याने सोसायचं असतं.

याच जिल्ह्यातून मुंबईला वीज जाते. म्हणून या दुखण्याकडे बघताना मुंबईतल्या माटुंग्याशी तुलना करणं उपयोगाचं ठरेल.

आपल्या डोंगरातून मुंबईला

टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. त्याची पहिली वीज परळ-लालबागच्या गिरण्यांना गेली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातलं भिवपुरी आणि १९२७ मध्ये माणगाव तालुक्यातलं भिरा केंद्र सुरू झालं. आज या तिन्ही केंद्रांची क्षमता मिळून सुमारे ४४७ मेगावॅट आहे. धरणं घाटावर मावळ-मुळशीत आणि वीजघरं घाटाखाली रायगडात, अशी ही रचना. मुळशीच्या धरणात जमिनी गेल्या तेव्हा सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह उभारला, हे जुन्या माणसांना माहीत आहे. भिऱ्याला वीज तयार करून सुटलेलं पाणी कुंडलिका नदीत येतं. कोलाडला पर्यटक राफ्टिंग करतात ते याच पाण्यावर.

टाटांचं धारावी रिसीव्हिंग स्टेशन पत्त्याने माटुंग्यातच आहे, शालिमार इंडस्ट्रियल इस्टेटजवळ, पिन कोड ४०००१९. माटुंग्यात घरोघरी वीज पोचवण्याचं काम बेस्टकडे आहे. कुलाब्यापासून माहीम आणि सायनपर्यंतचे सुमारे दहा लाख वीजग्राहक बेस्टचे आहेत, आणि बेस्ट बरीचशी वीज टाटांकडूनच विकत घेते. अर्थात एकदा ग्रीडमध्ये मिसळलेली वीज भिऱ्याची की ट्रॉम्बेची हे वेगळं काढता येत नाही. पण मुंबईच्या पुरवठ्यात आपल्या डोंगरातल्या पाण्याचा वाटा आहे, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे.

माटुंग्यात काय वेगळं आहे?

किंग्ज सर्कलच्या आसपास फिरलं की एक गोष्ट लगेच नजरेत येते. आपल्याकडे दिसतं तसं खांबांवर लोंबकळणाऱ्या तारांचं जाळं तिथे नाही. केबल जमिनीखालून जाते. वाऱ्याने तारेला तार लागत नाही, फांदी पडत नाही. ट्रान्सफॉर्मर इमारतींच्या जवळच असतो, त्यामुळे ग्राहकापर्यंतची लघुदाबाची केबल आखूड राहते. इडली-डोशाच्या हॉटेलांतले ओले ग्राइंडर, फुलवाल्यांचे फ्रीज, सोसायट्यांच्या लिफ्ट, दवाखान्यातली यंत्रं, सगळ्यांना बहुतेक वेळ पुरेसा दाब मिळतो.

माटुंग्यालाही दुखणी आहेत, फक्त ती वेगळ्या जातीची आहेत. एलईडी दिवे, संगणक, यूपीएस, इन्व्हर्टर एसी, लिफ्टचे ड्राइव्ह ही उपकरणं वीज सलग न घेता तुकड्या-तुकड्यांनी खेचतात. त्यामुळे विजेची लाट वेडीवाकडी होते. याला हार्मोनिक्स म्हणतात. तीन फेजवर भार सारखा वाटलेला असला तरी अशा विजेमुळे न्यूट्रलची वायर तापते, आणि पॅनेलमधले कपॅसिटर फुगून फुटतात. दुसरं दुखणं क्षणभराच्या झटक्याचं. शेजारच्या एखाद्या केबलमध्ये बिघाड झाला की सेकंदाच्या काही भागापुरतं व्होल्टेज खाली येतं. दिवा जरासा लुकलुकतो, माणसाला फार तर तेवढंच कळतं. संगणक किंवा तपासणीचं मशीन मात्र बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

शिवाय १२ ऑक्टोबर २०२० हा दिवस मुंबई विसरणार नाही. सकाळी दहाच्या सुमारास ग्रीडमध्ये बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला. लोकल जिथल्या तिथे थांबल्या. बाहेरचं ग्रीड कोसळलं तरी मुंबई वेगळी काढून चालू ठेवायची, अशी खास व्यवस्था आहे. त्या दिवशी ती टिकली नाही. पुरवठा पुन्हा उभा करताना ट्रॉम्बेबरोबर टाटांच्या जलविद्युत संचांची मदत घ्यावी लागली. या घटनेच्या चौकशा झाल्या, देशभर चर्चा झाली. ते योग्यच होतं. पण मुंबईचे काही तास हा राष्ट्रीय प्रश्न होतो आणि गावाकडची रोजची मिणमिणती लाईट तालुक्याच्या पातळीवरही प्रश्न होत नाही. खरा फरक इथे आहे.

नियम दोघांना एकच

लघुदाबाच्या ग्राहकाला मिळणारं व्होल्टेज ठरलेल्या दाबापेक्षा ६ टक्क्यांहून वर किंवा खाली जाता कामा नये, असा नियम आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत तो होता आणि राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांतही तो आहे. सिंगल फेजचं २४० व्होल्ट धरलं तर २२५ ते २५४ आणि थ्री फेजचं ४१५ धरलं तर ३९० ते ४४० या मर्यादेत वीज मिळाली पाहिजे.

आयोगाने २०२१ मध्ये नवे विनियम आणले, त्यांच्या नावातच 'वीज गुणवत्ता' हा शब्द आहे. म्हणजे वीज नुसती देऊन भागत नाही, ती नीट असली पाहिजे, हे कागदावर मान्य झालेलं आहे. बिघाड दुरुस्त करायला शहराला कमी तासांची आणि ग्रामीण भागाला जास्त तासांची मुदत ठेवलेली असते. अंतर बघता ते एकवेळ समजून घेता येईल. पण ६ टक्क्यांच्या मर्यादेत शहर आणि खेडं असा भेद नाही. माटुंग्यातल्या फ्लॅटला जो नियम लागू आहे, तोच माणगावच्या शेवटच्या वाडीवरच्या पंपाला.

मोटर नेमकी जळते कशी?

समजा ४१५ च्या जागी ३४० व्होल्ट मिळतंय. आपल्याकडे संध्याकाळी लाईनच्या शेवटाला असं व्होल्टेज दिसलं तर कोणाला नवल वाटत नाही. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे ३४० ला सुरू होतानाची ताकद दोन तृतीयांशच उरते. मोटर गुरगुरते, उठत नाही. उठलीच तर तेवढंच काम करायला जवळपास सव्वा पट करंट खेचते. वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती दीडपट होते. आणि वायंडिंगचं तापमान कायमचं १० अंशांनी जास्त राहिलं तर इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे.

म्हणून मोटर जळते त्या दिवशी ती अचानक जळालेली नसते. महिनोन् महिने ती आतून भाजत आलेली असते. मालकाला वाटतं कंपनीचा माल खराब. रिवायंडिंग करून आणलेली मोटर त्याच लाईनीवर पुन्हा चढवली जाते, आणि पुढच्या हंगामात पुन्हा दुकानात येते.

दुसरं कारण तीन फेजमधला असमतोल. गावठाणातली घरं, पिठाची गिरणी, दुकानं हा भार एकाच फेजवर जास्त पडला की तिन्ही फेजचं व्होल्टेज वेगवेगळं होतं. हा असमतोल फक्त साडेतीन टक्क्यांचा असला तरी मोटरची तापमानवाढ सुमारे पाव पटीने जास्त होते. एक फेज पूर्णच गेली आणि चालती मोटर दोन फेजवर राहिली, तर त्या दोन फेजमधला करंट पावणेदोन पटीच्या आसपास जातो. प्रिव्हेंटर चालू नसेल तर मोटर काही मिनिटांत संपते.

तिसरं कारण न्यूट्रल. डीपीवरची न्यूट्रल तुटली किंवा सैल झाली की घरात २४० च्या जागी ३०० ते ४०० पर्यंत व्होल्टेज घुसू शकतं. एका रात्रीत अख्ख्या आळीचे टीव्ही, फ्रीज, चार्जर जातात ते यामुळे. समुद्राकाठच्या तालुक्यांत खाऱ्या हवेने जोड गंजतात, त्यामुळे तिथे हा धोका जास्त. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, माणगाव भागात खांबच्या खांब आडवे झाले आणि कित्येक गावं बरेच दिवस अंधारात राहिली. तेव्हा घाईघाईत मारलेले तात्पुरते जोड नंतर पक्के झाले का, हे गावागावाने तपासून बघण्यासारखं आहे.

डीपीचा हिशेब

६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर एका फेजला साधारण ८८ अँपिअर देऊ शकतो. पाच एचपीची मोटर चालताना सात-साडेसात अँपिअर घेते. म्हणजे या डीपीवर दहा-अकरा मोटरी नीट चालतात. मोटरी जुन्या असतील, कपॅसिटर नसेल आणि पॉवर फॅक्टर खाली गेलेला असेल, तर तोच डीपी नऊ मोटरींतच भरतो. प्रत्यक्षात एकेका डीपीवर किती मोटरी आणि किती आकडे आहेत, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

त्यात ऑटो स्विचची भर. रात्री उठून शेतावर जायला नको म्हणून स्टार्टरला ऑटो लावला जातो. त्यात शेतकऱ्याचं चुकतं असं म्हणता येत नाही. काळोखात साप-विंचू, बिबट्या, उघडी वायर, कशाकशाला तोंड द्यायचं? पण लाईट आली की दहाच्या दहा मोटरी एका क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट खेचते. म्हणजे ८८ अँपिअरच्या डीपीवर एकदम चारशेच्या वर अँपिअरचा धक्का बसतो. व्होल्टेज कोसळतं, मोटरी उठत नाहीत, डीओ उडतो किंवा डीपीच जळतो. मग आठ-दहा दिवस सगळ्यांचंच पाणी बंद.

इथे दोष वाटून घ्यावा लागेल. लांबच लांब लघुदाब लाईन, भार वाढला तरी तोच जुना डीपी, न बदललेल्या बारीक तारा ही जबाबदारी वीज कंपनीची. कपॅसिटर काढून ठेवणं, ऑटोला वेळेचा फरक न ठेवणं, आकडा टाकणं ही जबाबदारी आपली. पाच एचपीच्या मोटरला साधारण दोन केव्हीएआरचा कपॅसिटर लागतो. मोटर जळण्याच्या खर्चापुढे तो काहीच नाही. महावितरण वर्षानुवर्षं हे आवाहन करतं, पण ते बहुतेक वेळा पत्रकातच राहतं.

उपाय माहीत नाही अशातला भाग नाही. तेवढीच वीज ४१५ ऐवजी ११ हजार व्होल्टने नेली तर करंट सव्वीसपटीने कमी होतो आणि वाटेतली गळतीही कमी होते. म्हणूनच २०१८ पासून राज्यात उच्चदाब वितरण प्रणाली आली, एक-दोन शेतकऱ्यांना मिळून एक छोटा ट्रान्सफॉर्मर. माटुंग्यात व्होल्टेज टिकण्यामागेही हेच तत्त्व आहे, ट्रान्सफॉर्मर ग्राहकाच्या जवळ. फरक इतकाच की माटुंग्यात एका ट्रान्सफॉर्मरखाली शेकडो ग्राहक असतात आणि खर्च वाटला जातो. वाडी-वस्तीवर तो वाटायला माणसंच कमी. म्हणून हा प्रश्न बाजाराच्या हिशेबाने सुटणारा नाही. तिथे सरकारी पैसाच लागतो.

फटका फक्त शेतीला नाही

आपल्या जिल्ह्यात कृषिपंप घाटावरच्या मानाने कमी, म्हणून हा प्रश्न आपला नाही असं कोणी समजू नये. दिवाळीनंतर भातगिरण्या चालू होतात. व्होल्टेज पडलं की रोलरचा वेग पडतो, कणी वाढते आणि तांदळाचा भाव उतरतो. कर्जत-खालापूरच्या पोल्ट्रीत एप्रिल-मेच्या दुपारी पंखे आणि फॉगर हळू झाले की पक्षी धापा टाकतात आणि मरतात. हा तोटा तासाभरात होतो. अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर बर्फाला उशीर झाला की मासळीचा भाव मातीमोल. पेण-हमरापूरच्या गणपती कारखान्यांत रंगाचा कॉम्प्रेसर दाब धरत नाही, तेव्हा रंगाचा हात एकसारखा बसत नाही, आणि ते दिवस नेमके भरपावसाचे असतात.

या सगळ्यांनी आपापला मार्ग काढलेला आहे. कोणी स्टॅबिलायझर घेतला, कोणी जनरेटर, कोणी गरजेपेक्षा मोठी मोटर. हा खर्च विजेच्या बिलात दिसत नाही, पण तो विजेचाच खर्च आहे. मोठ्या कारखान्याच्या बिलात निदान पॉवर फॅक्टरचा हिशेब तरी असतो. उच्चदाब ग्राहकांना २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने बिल येतं, म्हणून ते आपली बाजू सांभाळतात. लहान धंदेवाल्याच्या बिलात त्याला कळेल असा विजेच्या गुणवत्तेचा रकानाच नाही.

माफ झालेलं बिल आणि न झालेलं

२०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे. राज्यातल्या सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना तिचा लाभ आहे. शेतकऱ्याच्या डोक्यावरचा भार त्याने हलका झाला, हे नाकारता येणार नाही. पण बिल शून्य झालं की तक्रारीचा जोरही कमी होतो. फुकट मिळतंय तर व्होल्टेजबद्दल कोणत्या तोंडाने बोलायचं, असं माणसाला वाटतं. वास्तविक ही वीज फुकट नाही. तिचे पैसे सरकार, म्हणजे जनताच, भरते. बिल माफ झालं, पण रिवायंडिंगचं बिल कोण माफ करणार?

सौर कृषिवाहिनीमुळे दिवसा वीज मिळेल, ही आशा खरी आहे. सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प आला तर फिडरला आधारही मिळतो. पण डीपीपासून शेवटच्या खांबापर्यंतची तार तीच राहिली, तर रात्रीची मिणमिणती लाईट दिवसा येईल, एवढाच फरक पडेल.

मोजल्याशिवाय कोणी ऐकणार नाही

"व्होल्टेज नाही" या तक्रारीला वायरमन येतो तेव्हा बहुतेक वेळा भार कमी असतो आणि मीटरवर २३० दिसतं. तक्रार तिथेच मिटते. म्हणून आकडा आपल्या हातात पाहिजे. बहुतेक थ्री फेज इलेक्ट्रॉनिक मीटरवर बटण दाबलं की प्रत्येक फेजचं व्होल्टेज दिसतं. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सात वाजता, असं सलग पंधरा दिवस वहीत लिहावं आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. एकाच डीपीवरच्या पाच-सात जणांनी मिळून हे केलं तर तो पुरावा होतो.

पुढची पायरी लेखी तक्रारीची. १९१२ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्यावा आणि उपविभागात अर्ज देऊन पोच घ्यावी. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल. वीज कायदा २००३ च्या कलम ४२ मध्ये ही वाट दिलेली आहे, आणि कलम ५७ मध्ये सेवेचा दर्जा न पाळल्यास भरपाईची तरतूद आहे. माटुंग्यातल्या सोसायटीचा सेक्रेटरी ही पत्रं लिहितो. आपल्याकडे वायरमनला फोन लावला की काम झालं असं धरतात. डीपीवर स्वतः चढून डीओ टाकण्याचे प्रकार तर बंदच झाले पाहिजेत. त्यात माणसं गेली आहेत.

एक काम जिल्ह्यातच होण्यासारखं आहे. माटुंग्यात १९२३ पासून व्हीजेटीआय आहे, तसं आपल्याकडे लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, तेही भिऱ्याच्याच माणगाव तालुक्यात. तिथले इलेक्ट्रिकलचे विद्यार्थी आणि तालुक्यांतल्या आयटीआयची मुलं यांनी प्रकल्प म्हणून एकेका गावाच्या डीपीवर महिनाभर नोंदी घेतल्या, तर कुठे तार बदलायची, कुठे डीपी वाढवायचा, कुठे नुसता फेजचा भार वाटून काम होईल, हे ग्रामपंचायतीच्या हातात लेखी येईल. जिल्हा नियोजनातून पैसे मागताना असा कागद उपयोगी पडतो.

जवळपास शंभर वर्षांपूर्वी भिऱ्याची वीज मुंबईपर्यंत नीट पोचवता आली. तीच वीज भिऱ्याच्या पायथ्याच्या वाडीवर ३९० व्होल्टने पोचवणं आज कोणाला अशक्य असेल असं नाही. नियम आहे, तंत्र आहे, योजनाही आहेत. लाईनच्या शेवटच्या खांबावर संध्याकाळी सात वाजता किती व्होल्टेज असतं, हा आकडा तेवढा कोणाच्या दप्तरात नाही. येत्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर पहिला विषय तोच घ्यायला हरकत नाही.